हातमोजे वजा जाता

पुण्याच्या मंडईत गिऱ्हाईक भेंडीचं टोक मोडून बघतं, नारळ कानाशी हलवून बघतं, कलिंगडाला टिचक्या मारतं आणि एवढं करून "नको, कोवळी नाहीये" म्हणत पुढच्या गाळ्याकडे जातं. हेच गिऱ्हाईक मेडिक्लेम मात्र न मोडता, न हलवता घेतं. एजंट ओळखीतला असतो, चहाला नाही म्हणत नाही. पॉलिसीच्या बाडावर त्यानं पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या असतात, त्या फुल्यांवर आपण सह्या करतो. बाड कपाटात जातं ते थेट कुणाला तरी दवाखान्यात न्यायची वेळ आली की बाहेर येतं.

आमचे मामा याला अपवाद. टपाल खात्यात जन्म काढल्यामुळे छापील कागद आला की तो शेवटपर्यंत वाचायचा, ही त्यांची सवय. त्यांची पॉलिसी 1987 सालची. 1986 साली चार सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम बाजारात आणली आणि मामांनी एक वर्ष 'लोकांचं काय होतंय ते बघू' म्हणून थांबून मग ती घेतली. 2011 साली पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत न्यायची सोय झाली, तेव्हा ते एका खासगी कंपनीत गेले. तिचं नाव इथे घेत नाही. मामा रोज घेतात, तेवढं पुरे.

ही कंपनी आपल्या सभासदांसाठी एक गुळगुळीत कागदाचं रंगीत बातमीपत्र काढते. मुखपृष्ठावर एक वृद्ध जोडपं समुद्रकिनाऱ्यावर उडी मारत असतं. या वयात अशी उडी मारली तर तो अपघात धरतात की पूर्वीचा आजार, असा मामांचा पहिला प्रश्न. घरी हे वाचून दाखवायला श्रोते नाहीत. म्हणून मामा अंक पिशवीत घालतात आणि मंडईत जातात. तिथे भाजीवाल्या मावशी कट्ट्यावर उंच बसलेल्या, मामा खाली उभे. सभाच म्हणायची. मंडईला लोकमान्यांच्या पुतळ्यापाशी गाजलेल्या सभांची परंपरा आहे, मामा ती आपल्या परीनं चालवतात.

"सभासदांसाठी आनंदाची बातमी," मामांनी सुरुवात केली. "रोज दहा हजार पावलं चाला आणि गुण मिळवा. योगासनाच्या चटईवर वीस टक्के सूट. वाढदिवसाला डॉक्टरांशी फोनवर मोफत सल्लामसलत. शिवाय हसण्याच्या वर्गाला प्रवेश."

मावशी मेथी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, "काका, ही सगळी वरची कोथिंबीर झाली. भाजी कुठाय?"

मामांनी अंक उलटसुलट करून पाहिला. भाजी शेवटच्या पानावर होती, खसखशीएवढ्या टायपात.

त्या दहा हजार पावलांचं सांगतो. आंब्याच्या दिवसांत मामांनी पेटी घेतली आणि हमालाच्या डोक्यावर दिली. वर भाजीची पिशवी. पिशवीत चुकून राहिलेला मामांचा फोन. हमालाला वाटेत आणखी दोन गाळ्यांचा माल पोचवायचा होता, तो तसाच मंडईभर फिरला. संध्याकाळी कंपनीचा संदेश आला: अभिनंदन, तुमचं हृदय तिशीतल्या तरुणाचं आहे. ते हृदय ज्याचं होतं त्याला कुठल्याच कंपनीनं अजून चटई देऊ केलेली नाही.

तर शेवटचं पान. खऱ्या बातम्या तिथेच होत्या. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी चार वर्षं थांबावं लागायचं, ते 2024च्या एप्रिलपासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आलं. सलग आठ वर्षं हप्ते भरले की 'तुम्ही आजार लपवला होता' असं म्हणून क्लेम नाकारता येत नसे, ती मुदत आता पाच वर्षं आहे. फक्त फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पॉलिसी हातात पडल्यावर ती वाचून परत करायला पूर्वी पंधरा दिवस असत, ते तीस झाले. भेंडी मोडून बघायची जी सोय मंडईत आहे तीच ही, पण तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. एवढी मोठी बातमी शेवटच्या पानावर आणि हसण्याचा वर्ग पहिल्या! ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी हैदराबादच्या विमा नियामकांशी बोलावं लागतं, असाही नियम 2025च्या जानेवारीत आला. मामांचा हप्ता नेमका दहा टक्के वाढला. कंपनी नियमाला पक्की आहे.

डिस्चार्जचं कलम मामांनी दोनदा वाचलं. दवाखान्यानं अंतिम बिल पाठवलं की कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची आणि उशिरामुळे दवाखान्यानं जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. हे कलम 2024च्या मे महिन्यात आलं. मामांच्या हर्नियाचं ऑपरेशन त्याच्या आधीचं. घरी सोडायच्या दिवशी सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, "घरी जा." मामा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, पायात चपला अडकवून पलंगाच्या कडेवर बसले. दुपारी त्याच शर्टात जेवले. तिन्हीसांजेला भेटायला आलेल्यांना ते पेशंट वाटेनात, ते मामींचीच विचारपूस करू लागले. रात्री मंजुरी आली.

मंजुरीसोबत कापाकापीची यादी. हातमोजे वजा, मास्क वजा, थर्मामीटर वजा, किडनी ट्रे वजा. बहुतेक आरोग्य विम्यांना न मिळणाऱ्या वस्तूंची अशी यादी जोडलेली असते. कंगवासुद्धा तिच्या एका भागात आहे, खोलीभाड्यात धरलेला. मामांनी कंपनीला फोन लावून अगदी शांतपणे विचारलं, "सर्जननी हातमोजे न घालता ऑपरेशन केलं असतं तर क्लेम पूर्ण मिळाला असता का?" पलीकडच्या मुलीनं त्यांना संगीत ऐकवलं.

खरा घाव खोलीभाड्याचा होता. विमा तीन लाखांचा, खोलीला रोज त्याच्या एक टक्का, म्हणजे तीन हजार. स्वस्त खोली शिल्लक नव्हती म्हणून साडेचार हजारांची मिळाली. मामांना वाटलं, वरचे दीड हजार आपण भरू. पण तसं नसतं. खोली दीडपट, तर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, सगळ्यातलाच एकतृतीयांश उडतो. औषधं, तपासण्या असा थोडाच खर्च सुटतो. मामांनी हे मावशींना समजावून सांगितलं. त्या तागडी खाली ठेवून म्हणाल्या, "खोली महाग घेतली म्हणून डॉक्टर पण कापला?" विमाक्षेत्रातली माणसं याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. मावशींचं वाक्य सोपं आहे.

मावशींना हे सगळं ऐकून नवल वाटतं, कारण त्यांची पद्धत वेगळी. 1993 साली डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी पुण्यात भाजी विकणाऱ्या बायकांना छोटी कर्जं देत अन्नपूर्णा परिवाराचं काम सुरू केलं आणि पुढे सभासदांचाच आरोग्य निधी उभा केला. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे आणि कुणाला किती द्यायचे ते सभासद बायकांनीच बसून ठरवायचं. मावशी अशाच एका गटातल्या. त्यांच्याकडे लिखाण कमी, तपास दांडगा. "कंबर धरली होती म्हणतीस, मग हळदीला नाचत कोण होतं?" असं समोरासमोर विचारलं जातं. पण जिचं बाळ खरंच काचेच्या पेटीत होतं तिला कुणी हातमोजे विचारत नाही. मामांनी त्या गटात शिरता येईल का, याची चौकशी केली. मावशींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विषय मेथीवर नेला.

मामांचा स्वभाव सोडून द्यायचा नाही. नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे, मंडईतून पायी जाण्यासारखं. कंपनीनं तक्रार फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर तिथे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. पेठेतल्या माणसाला फुकटात, वकिलाशिवाय, स्वतः भांडता येईल अशी जागा सरकारनं पेठेतच काढावी, याला दूरदृष्टी म्हणतात. यातून काही निघेल का, अशी मला शंका आली की मामा धीर देताना मंडईचाच दाखला देतात. 1886 साली ही अष्टकोनी इमारत उघडली तेव्हा ती रे मार्केट होती. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणाले होते. आज इमारतीवर नाव त्यांचंच. या चालीनं आमच्या कंपनीच्या क्लेम विभागाला कधीतरी मामांचं नाव लागायला हरकत नाही.

त्याची सुरुवात झालीही. बातमीपत्रात 'तुमचा आरोग्यप्रवास आम्हाला कळवा' असं आवाहन होतं. निवडक पत्रांना छायाचित्रासह प्रसिद्धी. मामांनी फूलस्केपवर दोन्ही बाजूंनी सविस्तर प्रवास लिहिला: हातमोजे, कंगवा, दीडपट खोली, इस्त्रीचा शर्ट, फोनवरचं संगीत. सोबत पासपोर्ट फोटो. पुढच्या अंकात खरोखर मामा छापून आले, तेही रंगीत. खाली त्यांच्या पत्रातलं एक वाक्य होतं: "मी 1987 पासून मेडिक्लेमचा सभासद असून एकही हप्ता चुकवलेला नाही."

बाकीचा मजकूर वजा.