नळीचं सोवळं

अमेरिकेत भाच्याच्या आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या वन बीएचकेतून, आठवडाभर फिरलो. आत बेड, फ्रिज, ओव्हन सगळं होतं. पण घरातली खरी कर्ती म्हणजे पिण्याच्या पाण्याची नळी. पांढरी, पंचवीस फुटी आणि कडक सोवळ्यातली. मैल्याची टाकी उपसायची जाडजूड नळी वेगळ्या कप्प्यात. तिची सावलीही हिच्यावर पडता कामा नये. आमच्या आजीने जन्मभर सोवळं पाळलं, पण इतकं शास्त्रीय कारण तिलाही कधी सापडलं नव्हतं.

मुक्काम हलवताना खरी पूजा. कॅम्पग्राउंडच्या नळावरून नळी सोडवायची, खांद्यावरून सरकवत पाणी निथळू द्यायचं, मग वेटोळं: एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांत फिरवून बसवायची, आत किडामुंगी शिरू नये म्हणून. पहाटेच्या थंडीत व्हिनाइल ताठलेलं. वेल्क्रोचा पट्टा जरा ढिला पडला की नळी फणा काढून उभी! कुत्र्याचं शेपूट नळीत घालतात म्हणे. इथे नळीच वाकडी, तिला कशात घालायची?

घरी स्वतःचे मोजे कधी जागेवर न ठेवणारा भाचा अर्धा तास घाम गाळत होता. अखेर कप्पा बंद झाला. त्याआधी त्याने वेटोळ्याचा फोटोही काढून घेतला होता.

चाळीस मैलांवर कळलं, पाण्याचा दाब आवरणारा प्रेशर रेग्युलेटर मागच्या मुक्कामाच्या नळालाच राहिलाय.