विंचवाचं बिऱ्हाड

रांजणगावला माणूस दोन कारणांनी जातो : महागणपतीच्या दर्शनाला, नाहीतर एमआयडीसीत पाळीवर. त्याच एमआयडीसीतून 2015 साली फियाटने एक गाडी बाजारात सोडली, तिच्या नाकावर चक्क विंचू. अष्टविनायकाच्या गावात, उंदराला डावलून!

गाडीचं नाव अबार्थ पुंतो. दिसायला आपली मंडईत न्यायची असते तशी हॅचबॅक. अंगावर लाल पट्टे आणि आरसेही लाल, एवढाच काय तो नखरा. पण बॉनेटखाली 1368 सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 बीएचपीचं. किंमत दिल्लीत एक्स-शोरूम 9 लाख 95 हजार. दहा लाखांच्या आत एवढ्या ताकदीची हॅचबॅक तेव्हा दुसरं कोणीच देत नव्हतं. शून्यावरून शंभरला 8.8 सेकंदांत, असा कंपनीचा दावा होता. आमच्या चौकात शून्यावरून दहाला जायला दोन सिग्नल लागतात, ते सोडा.

हा विंचू मुळात कार्लो अबार्थचा. जन्म व्हिएन्नाचा, 15 नोव्हेंबर 1908. म्हणजे तिकडच्या हिशेबाने रास वृश्चिक. 1949 मध्ये इटलीत कंपनी काढली आणि राशीलाच बोधचिन्ह करून टाकलं. (माझी रास कन्या. हा विचार मी पुढे नेला नाही.) सायलेन्सर विकून नाव कमावलेला हा गृहस्थ 1965 मध्ये, सत्तावन्न पूर्ण व्हायच्या बेतात, वेगाचे विक्रम करायला निघाला. रेसच्या गाडीत मावेना, तेव्हा सफरचंदं खाऊन सुमारे 30 किलो उतरवले आणि मोंझाच्या ट्रॅकवर विक्रम केले. आपण त्याच्या जागी असतो तर एक साइज मोठी गाडी बुक केली असती.

तर ही गाडी माझ्या भाच्याने घ्यायची ठरवली. घरात बैठक बसली. दाजींनी चष्मा लावून माहितीपत्रक हातात घेतलं.

"देते किती?"

"बाबा, 212 न्यूटन-मीटर टॉर्क आहे."

"ते लिटरला कितीचं पडतं?"

चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, हे ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे गाडीवर कंपनीचाच भरवसा नाही." डिकी 280 लिटरची, विंचवाचं बिऱ्हाड ते केवढं असणार! ताईने मागच्या सीटवर बसून पाहिलं आणि गुडघ्यांना विचारून सांगते म्हणाली. तरीही गाडी आली.

जमिनीपासून तिची उंची 155 मिलिमीटर. आमच्या सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर चेअरमनने स्वतः उभं राहून घालून घेतलाय, त्यात त्यांचा स्वभाव पुरेपूर उतरलाय. तिथे भाचा सगळ्यांना उतरवायचा. ताई, दाजी आणि मी पिशव्या घेऊन चालत पलीकडे जायचो. मागून गाडी तिरकी होऊन, नव्या सुनेने माप ओलांडावं तशी, एकेक चाक जपून टाकत यायची. वॉचमन श्वास रोखून बघायचा.

मग एका पहाटे बोरघाट. दुसरा गिअर, काटा दोन हजारांच्या पुढे गेला, टर्बो जागा झाला आणि पाठ सीटला चिकटली. दाजींनी लिटरचा हिशेब अर्धवट सोडून वरचं हँडल धरलं. खंडाळ्यात पोचल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "परत खाली जाऊन यायचं का?"

फियाटचं आपल्याकडे असंच झालं : कौतुक मनापासून, पण हिशेब आधी. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीने मुंबईला टॅक्सी दिली. पुढे पालिओची जाहिरात सचिनने केली. फियाटचं 1.3 लिटर डिझेल इंजिन तर स्विफ्टमध्ये बसलं, इंडिका व्हिस्टामध्ये बसलं. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. "आतलं इंजिन फियाटचं आहे बरं का," असं कौतुकाने सांगत सगळे स्विफ्ट घ्यायचे. विक्रीच्या आकड्यांपुढे विंचवाने नांगी टाकली. 2020 च्या एप्रिलात बीएस-6 चे नियम आले, तोवर फियाटचा इथला संसार आटोपला होता. रांजणगावच्या कारखान्यातून आता जीप बाहेर पडतात. स्पीडब्रेकरला त्या विचारत नाहीत.

भाच्याची पुंतो अजून आहे. पेट्रोल पंपावर कोणीतरी हमखास जवळ येतो, बॉनेटवर हात फिरवतो, "काय गाडी होती हो!" म्हणतो आणि विकणार का विचारतो. भाच्याने तोंड उघडायच्या आत दाजी खेकसतात, "विकायची नाहीये." मग त्या माणसाने तेव्हा कोणती घेतली होती, याची ते चौकशी करतात. बहुतेक वेळा स्विफ्टच निघते.