मला पाखंडी म्हणा

मला लोक टवाळ म्हणतात, हे मला मुळीच मान्य नाही. आक्षेप खोटा आहे असं नव्हे. हुद्दा कमी पडतो. देवाधर्माची खोडी काढणाऱ्यांसाठी मराठीने केवढं मोठं खातं उघडून ठेवलं आहे! थट्टेखोर हा तिथला उमेदवार, टवाळ हा कारकून, कुचेष्टा करणारा हेडक्लार्क आणि पाखंडी म्हणजे थेट वर्ग एकचा अधिकारी. समर्थांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या नावावर मांडली, तेव्हापासून आम्हा विनोदी लेखकांची बढती अडकली ती अडकलीच. (त्याच ग्रंथात मूर्खाची लक्षणं सांगताना स्वतः समर्थांनी जी धमाल उडवली आहे, ती कोणत्या खात्यात धरायची, हे मात्र कुणी सांगत नाही.)

पाखंडी या पदाला रुबाब आहे आणि घराणंही मोठं आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ हा शब्द सगळ्याच पंथांसाठी आला आहे. आपल्या पासंडाची उगाच स्तुती करू नका, दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करू नका, असं सम्राट बजावतो. म्हणजे त्या काळी सगळेच पाखंडी. पुढे ‘आपण सोडून बाकीचे’ एवढाच अर्थ शिल्लक राहिला.

तर या पदासाठी मी रीतसर प्रयत्न केला. सोसायटीतल्या सत्यनारायणाला, पाचवा अध्याय संपताच, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, ‘‘गुरुजी, कथा ऐकून साधुवाण्याचं भलं झालं, ते कळलं. पण त्याने ऐकलेली कथा कोणती?’’ आणि वादळाची वाट बघत बसलो. गुरुजी पोथी गुंडाळत म्हणाले, ‘‘हे प्रत्येक पूजेला कुणीतरी विचारतंच. गेल्या आठवड्यात यजमानांच्या आजेसासूबाईंनी विचारलं.’’ यजमानीणबाई हसल्या, ‘‘भाऊजी पहिल्यापासून टवाळच!’’ आणि माझ्या द्रोणात प्रसादाचा शिरा वाढला. वर केळ्याचा एक तुकडा जास्तीचा.

प्रसादावरून आठवलं. आमची भाषाच माझ्यापेक्षा पुढे गेलेली आहे. कुणाला चार फटके बसले की त्याला ‘प्रसाद’ मिळाला. मारणाऱ्याने त्याची यथासांग ‘पूजा’ बांधली. बेलाच्या पानांची, दुर्वांची लाखोली देवाला वाहायची, तीच मोजदाद न करता शिव्यांची वाहायची. चारचौघांत कुणाचे वाभाडे काढले की ‘आरती ओवाळली’. दुसऱ्याचे पैसे गिळले की ‘स्वाहा’. संध्याकाळी मित्रांबरोबर ‘तीर्थ’ घ्यायचं, मग घरी आल्यावर दारातच ‘कीर्तन’ ऐकायचं. भांडणं लावणारा तो ‘नारद’, आणि कामाचा विचका झाला तर ‘काशी’! गणपती करायला गेलो आणि मारुती झाला, ही म्हण तर मला फारच लागते. मारुती झाला यात बिघडलं काय? गावोगाव वेशीवर ऊनपाऊस सोसत उभा असलेला देव तो. त्याला आपण फसलेला गणपती ठरवून मोकळे होतो. मारुतीच्या बाजूने आजवर एकही मोर्चा निघालेला नाही. स्वभावाने गरीब असावा.

जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात विठोबाला चक्क शिव्याशाप आहेत, त्याच्या मरणापर्यंत. आमच्या मावशी बाळकृष्णाला चिंचेने घासताना ‘किती रे काळा पडतोस मेल्या’ म्हणायच्या आणि पदरानेच त्याला कोरडा करायच्या. असं बोलायला रोजचा शेजार लागतो. तो मला कधी जमला नाही. मी देवाची खोडी काढतो ती लांबून, आणि लोक बघत असतील तरच.

आता तर थट्टा, टवाळी, हेटाळणी, विटंबना ही सगळी पदं रद्द होऊन एकच उरलं आहे: ‘भावना दुखावल्या’. कायदासुद्धा इतका सरसकट नाही. १९२७ साली दंडसंहितेत घातलेलं २९५अ कलम, आता न्याय संहितेत २९९, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान मागतं. आमच्याकडे हेतू विचारायला कुणाला सवड आहे?

आणि विटंबना बघायचीच असेल तर आमच्या जिन्यात या. लोक पान खाऊन कोपऱ्यात थुंकतात, म्हणून कमिटीने प्रत्येक वळणावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, देवांच्या टाइल्स बसवल्या आहेत. गणपती, साईबाबा, शेजारी क्रूस, त्यापलीकडे मक्का-मदिना. अशोकाचे सगळे पासंड अखेर एका रांगेत आले, तेही थुंकी अडवायच्या नोकरीवर. तरी थुंकणारा थुंकतोच. फक्त नेम जरा बाजूला धरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या गणपतीच्या सोंडेवर तांबडे शिंतोडे होते. देवाच्या टिंगलीवर मानधन मिळवणाऱ्या मला ते जाता-येता बघवेनात. शेवटी आजूबाजूला कुणी नाही असं बघून रुमालाने पुसले.

टाइल्स काढाव्यात आणि थुंकणाऱ्याकडून दंड घ्यावा, असा ठराव मी येत्या सर्वसाधारण सभेसाठी दिला आहे. त्याला अनुमोदक मिळत नाही. जिन्यातून देव काढले तर भावना दुखावतील, असं सेक्रेटरींचं म्हणणं. वाचकांपैकी कुणी आमच्या इमारतीत राहत असेल, तर कृपा करून सही द्यावी. कागद माझ्याकडे तयार आहे.