शेपटीचा सातबारा

माझे साडू अण्णा ओहायोत राहतात आणि त्यांच्याकडे स्वतःचं विमान आहे, असं सांगितलं की ऐकणारा जरा दबकतो. दबकण्यासारखं त्यात काही नाही. १९४६ सालचं एरोन्का चॅम्प ते. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं, ६५ हॉर्सपॉवरचं, रिकामं असताना साडेतीनशे किलोही न भरणारं. स्टार्टर नाही, पंखा हातानेच फिरवायचा. अण्णांच्या गाडीची किंमत विमानापेक्षा जास्त असावी. निदान ताई, म्हणजे त्यांची बायको, तसं म्हणते.

आम्ही गेलो त्याच आठवड्यात मेकॅनिकने रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या, खालच्या कडेला टोच्या टेकवला आणि तो अलगद आत गेला. कापडाच्या आत पाणी झिरपतं, तळाशी साठतं, निचऱ्याची भोकं बुजली की नळी आतून कुजते. म्हणजे रडर गेला. नवा रडर पाहायचा.

मला वाटलं, आणतील दुसऱ्या चॅम्पचा. पण ‘दुसरं चॅम्प’ म्हणजे नेमकं कुठलं, इथून भाऊबंदकी सुरू झाली.

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या विमानवाल्यांची खात्री होती की घरी परतलेला प्रत्येक जवान आता दारात एक विमान बांधणार. १९४६ या एका वर्षात तिथे तीस हजारांहून जास्त छोटी विमानं तयार झाली. दारात कुणीच बांधली नाहीत. पुढच्याच वर्षी बाजार बसला आणि १९५१ मध्ये एरोन्काने हा धंदाच सोडला. मग १९५४ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका कंपनीने चॅम्पचे हक्क घेतले आणि वंश पुढे चालला. इंजिनं दणकट होत गेली, तशी शेपटीची उभी बाजूही मोठी झाली, कारण नाक जोर करायला लागलं की त्याला सरळ ठेवायला मागे पंखही तसाच रुंद लागतो. पुढे याच घराण्यात सिटाब्रिया जन्मली. कोलांट्या मारणारी, चौकोनी शेपटीची.

आता गंमत अशी, की सरकारदरबारी हे सगळे एकाच सातबाऱ्यावर आहेत. प्रमाणपत्र क्रमांक ए-७५९. आडनाव एक, गट नंबर एक, आणि शेपट्या वेगवेगळ्या! उलट एरोन्काचंच चीफ नावाचं दुसरं विमान ए-७६१ या स्वतंत्र उताऱ्यावर. दिसायलाही निराळं, कारण त्यात दोघं शेजारी-शेजारी बसतात. पण चॅम्प आणि चीफ कारखान्याने खर्च वाचवायला जोडीनेच आखलेली. सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक, आणि त्यात शेपूट आलीच.

थोडक्यात, सख्ख्या पुतण्याचा सदरा होईना आणि परक्या गावच्या माणसाचा अगदी मापात!

“नुसती भोकं जुळून चालत नाही,” मेकॅनिक म्हणाला. त्या विमानाच्या मंजूर नकाशात तो भाग असेल, तर लॉगबुकात नोंद करून बसवता येतो. मोठ्या शेपटीचा बसवायचा, तर आधी मंजुरी आणि मग फॉर्म ३३७. तो ओक्लाहोमा सिटीला जातो, तिथे अमेरिकेतल्या झाडून साऱ्या विमानांची दप्तरं आहेत. हे ऐकताना अण्णांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू उमटलं. फेरफार! तलाठी कचेरीत आयुष्याची काही वर्षं घातलेल्या माणसाला ओक्लाहोमा परकं वाटत नाही.

मोठा रडर जड असतो ही भानगड वेगळीच. शेपटीत वाढलेला एक किलो हा पोटातल्या एका किलोसारखा नसतो. लांब टोकाला टांगलेला असल्यामुळे तो सगळ्या विमानाचा तोल मागे ओढतो. त्यामुळे वजन-तोलाचा कागदही नव्याने करायचा.

अण्णा कोल्हापूरचे. त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. “आपलं पुष्पक चालेल की!” हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून पुढे कित्येकजण त्यावर शिकले. ते चीफसारखंच दिसतं, हे खरं. ते घडलं विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली, आणि घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल या विमानविद्येतल्या गुरूकडे शिकून आलेले. अण्णांनी हे सगळं मेकॅनिकला सविस्तर ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, “याचा प्रमाणपत्र क्रमांक?” वारसा सिद्ध झाला नाही.

शेवटी एका शेतकऱ्याच्या खळ्यात चीफ सापडलं. इंजिन नाही, कापडाच्या चिंध्या, पोटात उंदरांची वस्ती, पण रडर ठणठणीत. म्हातारा सुटा भाग द्यायला तयार नव्हता. घ्यायचं तर अख्खं घ्या.

अण्णा तिथेच हिशोब करू लागले. सत्तर टक्के माल सामाईक, म्हणजे हे विमान नव्हेच, स्पेअर पार्टांचं कोठार! ताई आत डोकावून बघत होती. चॅम्पमध्ये ती मागे बसते आणि तासभर नवऱ्याची मान बघते. बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, असं ते म्हणतात.

“यात शेजारी बसता येतं?” तिने विचारलं.

“येतं.”

“मग घ्या,” ती म्हणाली, “पण याची शेपूट काढायची नाही.”