तक्रार पामची नाही

माझ्याकडे १९९८ सालचा पाम थ्री हा पत्ते-भेटीगाठी ठेवायचा खिशातला संगणक आहे आणि तो उत्तम चालतो. हे आधीच सांगतो, कारण लोकांची पहिली शंका तीच असते. दुसरी शंका ‘कशाला?’ ही असते. तिला मी उत्तर देत नाही.

त्याला दोन बारीक सेल लागतात. नेमके तेच टीव्हीच्या रिमोटलाही लागतात, यात चूक कुणाची हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. पामची सगळी स्मरणशक्ती सेलांच्या जिवावर. ते काढले की साधारण मिनिटभर तो धीर धरतो, मग सगळं विसरतो. मागच्या महिन्यात मालिका ऐन रंगात असताना रिमोट मेला. ‘‘अरे, तुझ्या त्या पाटीतले सेल जरा घेतले होते. जाहिराती लागल्यावर लगेच परत घातले,’’ आई म्हणाली. लगेच म्हणजे ११ मिनिटं. २१४ पत्ते गेले. मालिकेत त्या दिवशी काहीही घडलं नव्हतं.

पत्त्यांची नक्कल संगणकात असते. पण पाम ज्या पाळण्यात ठेवून संगणकाला जोडायचा, त्याच्या वायरीला नऊ पिनांचं सिरियल पोर्ट लागतं, आणि तसं पोर्ट आताच्या लॅपटॉपला नसतं. म्हणून माळ्यावर एक जुना डेस्कटॉप जपलेला आहे, पाठीला कुबड असलेल्या मॉनिटरसकट. खिशात मावणाऱ्या वस्तूसाठी दोघांनी उचलायची वस्तू सांभाळायची, यात मला काही वावगं दिसत नाही. पाळणा बाळापेक्षा मोठाच असतो.

लिहायचं ग्राफिटी लिपीत. पडद्याखालच्या चौकोनात काडीने एकावर एक अक्षर गिरवायचं, बहुतेक अक्षरं हात न उचलता. ‘ए’ची आडवी रेघ गायब. ‘टी’ला उजवा हात नाही, ‘एफ’ म्हणजे त्याच ‘टी’चं आरशातलं रूप. देवनागरी येत नाही, त्यामुळे काळे आणि काले माझ्याकडे एकाच स्पेलिंगने राहतात. काळेकाकांच्या पंचाहत्तरीच्या शुभेच्छा काले प्लंबरला गेल्या. तो अडतिशीचा आहे. त्याने मनापासून आभार मानले.

एवढी वर्षं गिरवल्यावर हाताला तेच वळण लागणार. बँकेत फॉर्मवर सही केली, तर काउंटरपलीकडून प्रश्न आला, ‘‘ही तुमचीच का?’’ ‘ए’ला रेघ का नाही, ते मी पामच्या आधारे सविस्तर समजावलं. त्यांनी आधार कार्ड मागितलं.

पामचा जनक जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी तेवढाच लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडे आणि त्यावर भेटीगाठी लिहिल्याचं सोंग करी. हे ऐकल्यापासून माझा मेव्हणा पामला ‘ठोकळा’ म्हणतो. ठोकळ्याला सेल लागत नसत, हे त्याला सुचलेलं नाही. मीही सांगत नाही.

राहता राहिलं कॅलेंडर. ते १९०४ ला सुरू होतं आणि ३१ डिसेंबर २०३१ ला संपतं. म्हणजे पणजोबांच्या बारशाची नोंद करता येते, घरकर्जाच्या २०३४ मधल्या शेवटच्या हप्त्याची येत नाही. पुढच्या तीन वर्षांचे हप्ते नोंदवण्याची सोय नसल्याने ते माफ व्हावेत, असा अर्ज मी बँकेला दिला. सही जुळत नाही म्हणून तो परत आला.