पुढील सूचनेपर्यंत अमर्याद

मुंबईत पागडीच्या खोलीतला भाडेकरू हलवायचा तर मालकाच्या दोन पिढ्या कोर्टात झिजतात. इंटरनेटवरच्या फुकट जागेतल्या भाडेकरूला एक ईमेल पुरतो. तरीही घराचा करारनामा चार जाणत्यांना दाखवून घेणारा आपला माणूस मुलीच्या बारशापासूनचे फोटो, आयकराची कागदपत्रे आणि सातबारा जिथे ठेवतो, तिथल्या अटींखाली मात्र न वाचताच ‘मान्य आहे’ दाबतो. फुकट जागा मिळतेय म्हटल्यावर तो फक्त ‘किती’ एवढेच विचारतो. ‘कधीपर्यंत’ हे विचारणे त्याला दात्याचा अपमान वाटतो.

या दात्यांची वंशावळ बघण्यासारखी आहे. जीमेलने १ एप्रिल २००४ रोजी एक जीबी जागा देऊ केली, तेव्हा पुष्कळांना ते एप्रिल फूल वाटले. पुढे दानाची चढाओढ लागली. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टीबी दिला आणि २०१८ मध्ये, मालक बदलल्यावर, फुकट्यांसाठी हजार फोटोंची मर्यादा जाहीर करून वरचे पुसले जातील असे कळवले. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये ऑफिसच्या वर्गणीदारांना अमर्याद जागा कबूल केली, वर्षभरात ती काढून घेतली. कारण काय, तर काहींनी ७५ टीबीपर्यंत माल भरला होता. अमर्याद म्हटल्यावर लोकांनी ते खरे धरले, हा लोकांचा गुन्हा! त्याच झटक्यात, एक पैसा न देणाऱ्यांचे १५ जीबीही ५ वर आले. गूगल फोटोजची अमर्याद साठवण २०१५ मध्ये सुरू झाली आणि १ जून २०२१ पासून नव्या फोटोंसाठी बंद झाली. सहा वर्षांत फोटो निवडून ठेवायची सवय मोडायला भरपूर वेळ मिळतो.

कंपन्या काही धर्मशाळा चालवत नाहीत, डिस्क आणि वीज फुकट येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण मग हिशेब त्यांना पहिल्या दिवशीही येत होताच. त्यांनी जागा दिली नाही. काहीही पुसायला हात न धजावणारा आपला स्वभाव हेरून त्यात गुंतवणूक केली. गूगलचे फुकट १५ जीबी २०१३ पासून जिथल्या तिथे आहेत, मोबाइलचे कॅमेरे मात्र नाहीत. फोरके व्हिडिओचे एक मिनिट काहीशे एमबी गिळते. बादली तीच ठेवून नळ मोठा केला की ती कधी भरेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

यावर आपले उत्तर तयार असते: पाच खाती काढू. काढावीत. मग कुठल्या खात्यात दहावीची गुणपत्रिका आणि कुठल्यात गच्चीच्या गळतीचे फोटो, हे लक्षात ठेवायला सहावे खाते लागते. शिवाय दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. दुसरे उत्तर समंजसांचे: महिन्याला शे-सव्वाशे रुपये टाका की, एका मिसळीचे पैसे! खरे आहे, पण मिसळ खाल्ली की व्यवहार संपतो. इथे माल कधी कमी होत नाही, त्यामुळे हप्ताही सुटत नाही. (वारसाला पासवर्ड माहीत नसेल, तर प्रश्न वेगळा.) तिसरे उत्तर म्हणजे नवा दाता. जिओने २०२४ मध्ये दिवाळीपासून १०० जीबीपर्यंत फुकट जागा जाहीर केली. ‘किती’ कळले.

त्यातल्या त्यात सरकारी डिजीलॉकर बरा. वाहन परवाना किंवा गुणपत्रिका देणाऱ्या खात्याकडूनच तिथे येते आणि मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते, म्हणजे तिच्या स्कॅनच्या सात प्रती सांभाळायला नकोत. उरलेल्यासाठी दोन हार्ड डिस्क घ्याव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी, आणि अगदी मोजके तेवढे फुकट जागेत.

पण मोजके ठरवायचे तर आधी यादी उघडावी लागते. फायली आकाराप्रमाणे लावल्या की वर येतो साखरपुड्याचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ, तीन ग्रुपांवरून आलेला म्हणून तीनदा. खाली चहाच्या कपाशेजारी गुलाब ठेवलेल्या ‘शुभ सकाळ’ची रांग, मग पाच संक्रांतींचे तिळगूळ. जागा हवी तर हे पुसा, एवढे साधे आहे. पण पुसणार कसे? काकांनी पाठवलंय ना ते!