कुसुमाग्रज (2015)

कुसुमाग्रजांनी ‘विशाखा’ कधी लिहिली? प्रबंधाला विचाराल तर 2015 साली. म्हणजे वारल्यानंतर 16 वर्षांनी. विश्वास नसेल तर कंस बघा : (कुसुमाग्रज, 2015). संशोधकाच्या हाती आली त्या प्रतीवर तेच साल होतं, त्याची काय चूक! पहिली आवृत्ती 1942 ची, पण ते स्वातंत्र्यलढ्याचं वगैरे प्रकरण दुसऱ्या प्रकरणात येऊन गेलेलं असतं. मूळ साल आणि आवृत्तीचं साल शेजारी शेजारी, मध्ये तिरकी रेघ, (1942/2015) अशी सोय एपीए पद्धतीत आहे. पण ती शोधायला नियम वाचावे लागतात. मैत्रिणीचा प्रबंध समोर ठेवून भागत नाही.

आडनावाची तर वेगळीच गंमत. संदर्भसूचीचं सॉफ्टवेअर दोन रकाने पुढे करतं : आडनाव आणि नाव. कुसुमच्या थोरल्या भावाला आडनाव कुठून आणायचं? शेवटी ‘विशाखा’ जाते ‘क’मध्ये, ‘नटसम्राट’ जातं ‘श’मध्ये. पुस्तकांवर तशीच नावं आहेत, त्यामुळे हे बरोबरच. फक्त ‘शिरवाडकर, वि. वा. : कुसुमाग्रजही पाहा’ अशी एक ओळ टाकायला कुणाला सुचत नाही. मग बाहेरगावचे परीक्षक सूचीवरून बोट फिरवत म्हणतात, “वा, दोघेही नाशिकचेच!”

यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमावलीनुसार 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे आणि श्रेय देऊन घेतलेलं अवतरण साम्यात धरतच नाहीत. हे कळलं आणि मराठी संशोधनाला अवतरणांचा पूर आला, थेट नाशिकचा दुतोंड्या मारुती बुडवणारा. एपीएत 40 शब्दांचा किंवा त्याहून मोठा उतारा अवतरणचिन्हं काढून, समास सोडून, आत सरकवून छापायचा असतो. जागा जास्त खातो. पानं वाढतात, पानावर पैसे घेणारा डीटीपीवाला खूश, प्रबंधाला वजन येतं ते निराळंच. उताऱ्याखाली एक वाक्य ठरलेलं : ‘वरील उताऱ्यावरून असे दिसून येते की...’ काय दिसून येतं, ते सांगायला पुढचा उतारा.

अशा सूचीत एक नोंद मात्र बिनचूक असते. आद्याक्षरं, साल, आवृत्ती, प्रकाशक, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. ते पुस्तक मार्गदर्शकांचं असतं.